गल्लीच्या शेवटच्या घरातला उजेड

रमजानच्या संध्याकाळी सूर्य मावळण्याआधीचा अर्धा तास बहुतेक रोजेदार घरांत सारखाच असतो. गॅसच्या दोन्ही शेगड्या पेटलेल्या असतात. एकीवर भजी, दुसरीवर चणे. सरबतासाठी मिक्सर फिरतो, फ्रिजचे दार पाच मिनिटांत दहा वेळा उघडते, वजूच्या पाण्यासाठी मोटार लावली जाते आणि कुणी नसलेल्या खोल्यांतले दिवे-पंखेही चालूच असतात. लोहाऱ्यासारख्या गावात अशी पन्नास-साठ घरे एका डीपीवर असली की त्या वेळेला तारेवर ताण येतो. विजेच्या तारेचा नियम साधा आहे. डीपीपासून घर जितके लांब तितका विजेचा दाब कमी, आणि भार जितका जास्त तितकी ही घट मोठी. डीपीजवळच्या घराला त्याची कल्पनाही नसते. लाइनच्या टोकाच्या घरात मात्र पंखा रेंगाळतो, ट्यूब लुकलुकते, मोटार पाणी उचलत नाही. गावात लाइनच्या टोकाचे घर बहुतेक वेळा गरिबाचे असते.

ऊर्जा बचतीची चर्चा साधारणपणे बिलापासून सुरू होते आणि बिलापाशीच संपते. ती या टोकाच्या घरापासून सुरू केली तर तिचा अर्थ बदलतो. एखाद्या घराने नाहक जाळलेली वीज त्याच्या मीटरवर तर पडतेच, शिवाय ती दुसऱ्या कुणाच्या घरातून वजा होते. इस्लाममध्ये शेजाऱ्याच्या हक्काला फार वरचे स्थान आहे. शेजारी उपाशी असताना स्वतः पोटभर जेवू नये, ही शिकवण प्रत्येक मुसलमान घरात मुलांना सांगितली जाते, आणि तशीच शिकवण शेजारच्या हिंदू घरातही दिली जाते. आजच्या काळात शेजाऱ्याच्या ताटाबरोबर त्याच्या घरातला उजेडही या हक्कात मोजायला हवा.

नदीकाठचा वजू

कुरआनने खाण्यापिण्याची मुभा देताना त्याच दमात उधळपट्टीला मनाई केली आहे. या उधळपट्टीला ‘इसराफ’ म्हणतात. इसराफ म्हणजे केवळ पैसा उडवणे नव्हे. गरजेपेक्षा जास्त वापरलेली कोणतीही गोष्ट त्यात येते. हदीसमध्ये तर असे सांगितले आहे की वाहत्या नदीच्या काठावर बसून वजू करत असलात तरी पाणी वाया घालवू नका. या सांगण्यातली गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. नदीचे पाणी फुकट. कमी वापरले म्हणून चार पैसे वाचणार नाहीत, नदी आटणारही नाही. तरीही जपून वापरा. म्हणजे काटकसर ही खिशाशी बांधलेली गोष्ट नाही, ती सवयीची आणि अदबीची गोष्ट आहे. रात्री झोपण्याआधी दिवे विझवा, अशीही सूचना हदीसमध्ये आहे. तिथे दिलेले कारण अगदी घरगुती आहे: पेटती वात उंदराने ओढून नेली तर घराला आग लागेल.

मराठी घराला ही शिस्त परकी नाही. चुलीतला निखारा राखेखाली झाकून सकाळसाठी ठेवला जायचा. भात अर्धाअधिक शिजला की भांडे उतरवून गोधडीत गुंडाळायचे, उरलेला भात स्वतःच्या वाफेवर शिजायचा. कंदिलाची काच रोज राखेने पुसली जायची, कारण काजळलेल्या काचेमुळे वात मोठी करावी लागते आणि रॉकेल जास्त जळते. याला कुणी कंजुषी म्हणत नसे. कंजूस माणूस दुसऱ्याला देत नाही. काटकसरी माणूस दुसऱ्याला देता यावे म्हणून जपतो. दोन्ही शब्दांतले हे अंतर जुन्या माणसांना नीट ठाऊक होते.

फुकट मिळणाऱ्या गोष्टीचा प्रश्न आज आणखी जवळ आला आहे. एप्रिल २०२४ पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज आहे. कोरडवाहू मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हा आधार मोलाचा आहे आणि त्याबद्दल कुणी नाक मुरडू नये. पण बिल शून्य झाले म्हणून वीज शून्यातून येत नाही. अनेक पंपांना ऑटो स्विच लावलेला असतो. गेलेली वीज आली की शिवारातले सगळे पंप एकाच क्षणी सुरू होतात, डीपीवर झटक्यात भार येतो आणि ती जळते. मग दुसरी बसेपर्यंत ज्यांच्यासाठी पाणी हवे होते तीच पिके माना टाकतात. ऑटो स्विच काढणे, पंपाला कपॅसिटर बसवणे, जाम झालेला फुटव्हॉल्व्ह बदलणे, पाइपला विनाकारण वाकणे न देणे ही कामे खर्चाने लहान आहेत. नदीकाठच्या वजूचा नियम शेताच्या बांधावरही तितकाच लागू पडतो.

विजेत पाणी आणि पाण्यात वीज

कोळशावर एक युनिट वीज तयार करायला साधारण सहा-सातशे ग्रॅम कोळसा जाळावा लागतो. देशातल्या सर्व प्रकारच्या विजेची सरासरी धरली तरी एका युनिटमागे सुमारे पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हे आकडे शहरातल्या चर्चासत्रात ऐकायला मिळतात. मराठवाड्याला मात्र विजेची आणखी एक किंमत ठाऊक आहे, ती म्हणजे पाणी. औष्णिक केंद्रात वाफेसाठी आणि यंत्रे थंड ठेवण्यासाठी पाणी लागते. परळीचे औष्णिक विद्युत केंद्र २०१३ च्या दुष्काळात आणि पुन्हा २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. कोळसा होता, यंत्रे होती, कामगार होते, पाणी नव्हते. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. लोहाऱ्यातल्या कित्येक घरांची सोयरीक, दवाखाना, बाजार लातूरशी जोडलेला आहे. ती ‘जलदूत’ गाडी इथल्या लोकांसाठी बातमी नव्हती, नातेवाइकांची हकीकत होती.

उलट बाजूनेही हिशेब तोच. माकणीच्या निम्न तेरणा धरणातले पाणी असो की घरामागच्या बोअरमधले, ते नळापर्यंत यायला पंप लागतो. एक अश्वशक्तीची मोटार तासाला ढोबळमानाने एक युनिट घेते. टाकी भरून वाहू लागली आणि मोटार बंद करायला कुणी नसले तर अर्ध्या तासात अर्धे युनिट आणि त्याबरोबरचे पाणी गटारात जाते. वजूच्या वेळी मसह करताना, म्हणजे ओला हात डोक्यावरून फिरवताना, नळ उघडाच राहतो. दाढी करताना, भांडी घासताना तो तसाच राहतो. हा नळ बंद करणारा माणूस पाणी आणि वीज अशा दोन्ही गोष्टी वाचवतो. तांब्याने किंवा बदन्याने वजू करणारे जुने लोक थोड्याच पाण्यात नीट वजू उरकत, हे आजही घराघरात आठवणारे लोक आहेत.

शंभर युनिटांची पायरी

घरगुती बिलाची रचना समजून घेतली तर बचत कुठे करायची हे आपोआप कळते. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या शंभर युनिटांचा टप्पा सर्वांत स्वस्त आहे. एकशे एक ते तीनशे या टप्प्यात दर जवळपास दुप्पट होतो. वाढीव दर फक्त शंभराच्या वरच्या युनिटांना लागतो. म्हणजे महिन्याला १३० युनिट वापरणाऱ्या घराने ३० युनिट वाचवले तर ते सर्वांत महाग ३० युनिट असतात.

हे तीस युनिट कुठे सापडतील? बहुतेक घरांत ते डोक्यावर फिरत असतात. जुना छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज घेतो. दिवसातून पंधरा तास चालला तर सव्वा युनिटाच्या जरा खाली, महिन्याला सुमारे ३४ युनिट. नव्या बीएलडीसी पंख्याला ३० वॅटच्या आसपास पुरतात; त्याचे महिन्याचे साडेतेरा युनिट होतात. एका पंख्यामागे महिन्याला वीस युनिटांची बचत. हा पंखा साध्या पंख्यापेक्षा महाग आहे, पण वरच्या टप्प्यात असलेल्या घरात जास्तीचे पैसे एक-दोन उन्हाळ्यांत फिटतात. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवरही ताऱ्यांचे लेबल सक्तीचे झाले आहे. दुकानात रंग आणि नक्षी पाहताना ते तारेही मोजावेत. नवा पंखा घेणे शक्य नसेल तर पात्यांवरची धूळ पुसावी आणि जुना डबीसारखा रेग्युलेटर बदलावा. तो गरम होणारा रेग्युलेटर पंख्याचा वेग कमी करतो, पण वाचलेली वीज स्वतःच उष्णतेत घालवतो.

दिव्यांच्या बाबतीत मोठा बदल होऊन गेला आहे. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेतून देशात ३६ कोटींहून जास्त एलईडी दिवे वाटले गेले. साठ वॅटचा पिवळा गोळा जितका उजेड देई तितका आता नऊ वॅटचा दिवा देतो. पण स्वस्त उजेडाचा एक धोका आहे. तो जास्त ठिकाणी आणि जास्त वेळ जाळला जातो. पोर्चमध्ये एक, जिन्यात दोन, गच्चीवर रमजानची माळ, आणि सहरला उठलेले घर पुन्हा झोपले तरी सगळे चालूच. टीव्ही रिमोटने बंद केला तरी सेट टॉप बॉक्स जागाच असतो. त्याचे दहा वॅट धरले तरी महिन्याला सात युनिट होतात. भिंतीवरचे बटण बंद करायला दोन पावले चालावे लागते, इतकीच त्याची किंमत.

दोन किलोवॅटचा गिझर अर्ध्या तासात एक युनिट खातो. सहरच्या वेळी तो लावून विसरणारी घरे आहेत. एसी आता लोहाऱ्यातही दिसू लागले आहेत. १ जानेवारी २०२० पासून नवे एसी चालू करताच २४ अंशांवर सुरू होतील असा नियम झाला. तो त्यामागच्या हिशेबामुळे: एकेक अंश खाली आणताना वीज वाढत जाते. अठरा अंशांवर एसी लावून वर दुलई घेणे याला इसराफशिवाय दुसरा शब्द नाही.

छतावरच्या सौर पॅनलची चर्चा सध्या सगळीकडे आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८ हजार रुपयांचे अनुदान आहे. ज्यांना जमेल त्यांनी जरूर घ्यावे. क्रम मात्र लक्षात ठेवावा: आधी गळती बंद, मग पॅनल. भोकाच्या घागरीत पाणी भरणारा कितीही मोठी विहीर खणो, घागर रिकामीच.

सहरचा कुकर, इफ्तारची कढई

रमजानमध्ये स्वयंपाकघर दिवसा बंद आणि रात्री दोनदा चालू असते. त्यामुळे गॅस कमी लागेल असे वाटते, प्रत्यक्षात सिलिंडर लवकर संपतो. कारण सगळे घाईत, मोठ्या आचेवर, झाकण न ठेवता होते. इफ्तारचे चणे रात्री तरावीहला जाण्याआधी भिजत घातले तर दुसऱ्या दिवशी कुकरच्या मोजक्या शिट्ट्यांत शिजतात. न भिजवलेले तासभर खातात. मटण पातेल्यात उकळत ठेवण्याऐवजी कुकरमध्ये, आणि पहिली शिट्टी झाली की आच बारीक. पाणी एकदा उकळू लागले की मोठ्या आचेने ते जास्त गरम होत नाही, फक्त वाफ जास्त होते. पातेल्याच्या बाहेर पसरणारी ज्योत भांडे तापवत नाही, स्वयंपाक करणारीला तापवते. सहरसाठी भात-डाळ एकाच कुकरच्या डब्यांत होते. चहा प्रत्येकासाठी वेगळा न टाकता एकदाच करून थर्मासमध्ये ओतला की पहाटे तीन वेळा गॅस पेटत नाही. गरम भांडे थेट फ्रिजमध्ये जाऊ नये. सरबतासाठी बर्फच हवा असा हट्ट नसेल तर माठातले पाणी इफ्तारला पुरेसे गार असते आणि रिकाम्या पोटाला तेच बरे.

हे सगळे बायकांना सांगायची गरज नाही, त्यांना ते ठाऊक आहे. गरज आहे ती घरातल्या पुरुषांनी पानात काय हवे याची यादी लहान करण्याची. दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी सात पदार्थांचा आग्रह धरायचा, त्यातले तीन उरवायचे, ही उधळपट्टी गॅसपासून सुरू होते आणि कचऱ्यात संपते. मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून देशात दहा कोटींहून जास्त घरांत गॅस पोचला. पण शेगडी आली तरी दुसरा सिलिंडर भरून आणणे प्रत्येक घराला जमत नाही. अनेक घरांत अजूनही तुराट्या आणि पळाट्यांवर चूल पेटते, आणि रोजा ठेवलेली बाई धुरात बसून इफ्तार करते. ज्या घरात सिलिंडर दीड महिना पुरवता येतो त्या घराने वर्षाच्या अखेरीला वाचलेला एक सिलिंडर अशा घरी पोचवला तर त्या बचतीचे चीज होईल.

सूर्याची ऊर्जा वापरायला पॅनलच लागते असेही नाही. शीरखुर्म्याच्या शेवया उन्हात खाटेवर वाळतात, त्याच उन्हात शेजारच्या गच्चीवर कुरडया, पापड आणि सांडगे वाळतात. लोहाऱ्यातले वाळवण हे या भागातले सर्वांत जुने सौर यंत्र आहे, आणि ते चालवणाऱ्या बायका एकमेकींच्या वाळवणावर कावळे येऊ नयेत म्हणून लक्षही ठेवतात.

भूकंपानंतरचे छत

या भागातल्या उष्म्याची गोष्ट भूकंपाशिवाय पुरी होत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि सास्तूरचा परिसर उद्ध्वस्त झाला. सास्तूर आज लोहारा तालुक्यात आहे. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद अशी जुनी घरे माणसांवर कोसळली आणि हजारो जीव गेले. त्यानंतर बांधलेल्या घरांच्या भिंती पातळ झाल्या, छते सिमेंटची किंवा पत्र्याची झाली. जुनी घरे परत यावीत असे कुणी म्हणणार नाही. ज्यांनी ढिगाऱ्यातून माणसे काढली त्यांच्यासमोर तर नाहीच नाही. पण ती घरे एक काम चांगले करत होती: उन्हाळ्यात आत गारवा आणि थंडीत ऊब. नवे घर सुरक्षित आहे, मात्र दुपारी तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता खाली सोडत राहतो. मग पंखा गरम वाराच फिरवतो, कूलर येतो, कूलरला पाणी लागते, आणि हिशेब पुन्हा तिथेच येतो.

यावर स्वस्त उपाय आहे, तो म्हणजे छतावर पांढरा हात. चुन्याचा जाड थर किंवा पांढरा परावर्तक रंग दिला की ऊन बरेचसे परत फिरते आणि खोली दोन-तीन अंशांनी तरी निवते. अहमदाबादने उष्माघाताचे बळी कमी करण्यासाठी झोपडपट्ट्यांतल्या छतांवर हा प्रयोग केला. तेलंगणाने २०२३ मध्ये गार छतांचे स्वतंत्र धोरणच आणले. लोहाऱ्यात दिवाळीला आणि ईदला भिंतींना रंग देण्याची रीत आहेच. त्या डब्यातला थोडा चुना वर गच्चीवर गेला तर घर वर्षभर आभार मानेल. पश्चिमेच्या भिंतीला वेलाची किंवा कडुनिंबाची सावली, खिडकीला भिजवलेले गोणपाट, दुपारी खिडक्या बंद आणि रात्री उघड्या, हे जुने शहाणपण नव्या घरातही चालते. रमजान दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०१८ आणि २०१९ मध्ये तो मे महिन्यात होता, तेव्हा त्या तापलेल्या स्लॅबखाली रोजा ठेवणे म्हणजे काय हे घराघराने अनुभवले आहे.

सफ तिथे पंखा

घराइतकीच जबाबदारी सार्वजनिक जागांवर आहे, आणि तिथे कुणाचेच बिल नसल्यामुळे कुणाचेच लक्ष नसते. मशीद तरावीहला भरते. दुपारच्या नमाजला अनेकदा दोन-तीन सफ, म्हणजे रांगा, असतात. तरी एका बटणावर सगळ्या मशिदीचे पंखे फिरतात. सफनिहाय बटणे वेगळी केली आणि ‘सफ तिथे पंखा’ एवढा नियम ठेवला तर वायरमनच्या एका दिवसाच्या मजुरीत वर्षभराची बचत होते. वजूखान्याला बारीक धारेचे नळ लावता येतात, ते पाणी आवारातल्या झाडांना सोडता येते. जकार्ताच्या इस्तिकलाल मशिदीने नेमके हेच केले. छतावर पाचशेहून जास्त सौर पॅनल, बारीक धारेचे नळ, पाण्याचा पुनर्वापर; २०२२ मध्ये तिला हरित इमारतीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले, तेही जगातले पहिले प्रार्थनास्थळ म्हणून. इतके लांब जायचे नसेल तर शिर्डी आहे. तिथल्या प्रसादालयात २००९ मध्ये ७३ मोठ्या सौर तबकड्या बसवून उन्हाच्या वाफेवर भक्तांचे जेवण शिजवायला सुरुवात झाली. साईबाबांनी आयुष्य एका पडक्या मशिदीत काढले आणि तिला द्वारकामाई म्हटले. त्यांच्या नावाने चालणाऱ्या स्वयंपाकघरातून हा धडा दोन्ही समाजांनी घ्यायला हरकत नाही.

सणाची रोषणाई हा नाजूक विषय आहे. रमजानची असो, गणपतीची असो की जयंतीची, एकाने माळ लावली की दुसरा दोन लावतो. उजेडाची ही चढाओढ कुठल्याच धर्माने सांगितलेली नाही. ती रात्री ठरावीक वेळेनंतर बंद करायचे गावातल्या सगळ्या समित्यांनी एकत्र बसून ठरवले तर ‘आधी त्यांनी करावे’ हा वाद उरत नाही. भर दुपारी जळणारे पथदिवे हेही गावोगावचे दृश्य आहे. त्यासाठी नागरिकांनी नगरपंचायतीकडे आग्रह धरायला हवा. स्वतःच्या घरातला दिवा विझवणाऱ्यालाच तो आग्रह शोभतो.

पावलांचा सवाब

रस्त्यावरचे इंधन हा घराबाहेरचा गॅस आहे. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येते. ते बंदरावर उतरते, शुद्ध होते, टँकरने गावच्या पंपावर येते, आणि मग तीन गल्ल्या पलीकडच्या मशिदीत जाण्यासाठी मोटारसायकलमध्ये जळते. मशिदीकडे चालत जाताना प्रत्येक पावलाचा सवाब आहे, असे खुतब्यात ऐकायचे आणि बाहेर येऊन किक मारायची. कोजागिरीला तुळजापूरपर्यंत अनवाणी चालत जाणाऱ्या भाविकांचेही तसेच. तेही एरवी दुधाची पिशवी आणायला गाडी काढतात. श्रद्धेने पाय चालतात, मग सवयीने का चालू नयेत?

गाडी लागतेच तेव्हा ती कशी चालवावी यालाही महत्त्व आहे. इंधन बचतीसाठी १९७८ पासून काम करणारी पीसीआरए ही संस्था ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा वेग सर्वांत किफायतशीर सांगते. टायरमध्ये हवा कमी असली, एअर फिल्टर धुळीने भरला असला, सतत अर्धा क्लच दाबलेला असला की ॲव्हरेज घटते. बसस्थानकाबाहेर गप्पा मारताना इंजिन चालू ठेवणे तर निव्वळ जाळपोळ. इफ्तारच्या शेवटच्या दहा मिनिटांत गाड्या जशा पळतात ते पाहून भीती वाटते. उपाशी, थकलेला चालक, मावळतीचे ऊन डोळ्यांवर आणि घरी पोचायची घाई. खिशात दोन खजूर आणि पाण्याची बाटली ठेवली तर रस्त्याकडेला थांबून रोजा सोडता येतो. पेट्रोल वाचते ही त्यातली लहान गोष्ट.

ईदच्या खरेदीला उमरगा, लातूर, सोलापूरला जाणे होतेच. एसटी लिटरला साडेचार किलोमीटर जाते असे धरले आणि तीत चाळीस माणसे बसली, तर एका लिटरमध्ये चाळीस जणांचा मिळून १८० किलोमीटरचा प्रवास होतो. एकट्याच्या मोटारसायकलवर तो पन्नासएक होतो, एकट्याच्या कारमध्ये पंधराएक. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे. एसटी वेळेवर नसते ही तक्रार खरी आहे आणि ती करत राहायला हवी; पण रिकामी धावणारी फेरी आधी बंद होते, हेही तितकेच खरे. जिथे एसटी नाही तिथे दोन कुटुंबांनी एक गाडी करावी. एक हिंदू, एक मुसलमान कुटुंब असेल तर बाजारात भाव करायलाही चार माणसे जास्त.

‘एका दिव्याने काय होते?’

या सगळ्यावर एक आक्षेप हमखास येतो. कारखाने, मॉल, महानगरातले लखलखते रस्ते हे सगळे जळत असताना लोहाऱ्यातल्या एका दिव्याने काय होणार? आक्षेप चुकीचा नाही. ज्याने जास्त वापरले त्याने जास्त कमी करावे, हाच न्याय. ज्या घरात एक दिवा, एक पंखा आणि महिन्याला तीस युनिट आहेत, त्या घराला बचतीचे प्रवचन देणे ही क्रूरता आहे. ते घर आधीच बचतीवर जगते. पंधरा-वीस वर्षांपूर्वी बारा-बारा तासांचे भारनियमन याच गावांनी सोसले, तेव्हा शहरांतले दिवे कमी वेळ गेले. म्हणून बचतीची मागणी वरून खाली यायला हवी: कार्यालयांतून, संस्थांतून, दोन-तीनशे युनिट वापरणाऱ्या घरांतून.

पण या आक्षेपाचा उपयोग स्वतःचे बटण चालू ठेवण्यासाठी होत असेल तर तो फक्त बहाणा ठरतो. महानगरातला मॉल बंद करणे लोहाऱ्यातल्या माणसाच्या हातात नाही. त्याच्या डीपीवरच्या शेवटच्या घरात आज संध्याकाळी पंखा नीट फिरेल की नाही, हे मात्र काही अंशी त्याच्या हातात आहे. इफ्तारच्या अर्ध्या तासात मोटार न लावता ती दुपारीच लावून ठेवणे, इस्त्री दुसऱ्या वेळी करणे, रिकाम्या खोल्यांतले पंखे बंद करणे यासाठी कुठल्याही योजनेची, अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.

रमजान तीस दिवसांत माणसाला एक गोष्ट शिकवतो: हाताशी असूनही न घेणे. समोर पाणी आहे, तहान आहे, पाहणारे कुणी नाही, तरी रोजेदार पीत नाही. जो माणूस चौदा तास घोटभर पाण्यावाचून राहू शकतो त्याला एक बटण बंद करणे जड जाऊ नये. ईदच्या नमाजआधी फितरा द्यायचा असतो, तो यासाठी की गल्लीतल्या कुठल्याही घरात त्या दिवशी चूल थंड राहू नये. फितऱ्यासारखाच विजेचाही वाटा काढता येतो. तो मोजून द्यावा लागत नाही, बटण बंद केले की तारेतून आपणहून शेजाऱ्याकडे जातो.